भाचीच्या कानामागे

रविवारी रंगाने कपबशी मागितली.

गेली पंधरा वर्षं तो चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायचा, तोही अर्धाच. गोळ्यांनी हात थरथरायचे. भरलेला पेला ओठांपर्यंत नेईतो निम्मा सदऱ्यावर सांडायचा. म्हणून अर्धा पेला, दोन्ही हातांत, पाखरू धरावं तसा. मिरजेतच बहिणीच्या घरी तो दर रविवारी यायचा; तिथे याबद्दल कुणी बोलायचं नाही. मंजूषा भावाला अर्धा पेला द्यायची, तो संपला की पुन्हा अर्धा.

"अक्का, आज बशीतून पिऊ दे की. लई दिवसांत फुरका मारला नाही."

तिने कप काठोकाठ भरला. त्याने तो उचलला, बशीत ओतला, बशी तीन बोटांवर तोलून तोंडाला लावली. थेंब सांडला नाही. सायसुद्धा हलली नाही.

मंजूषाने बशीकडे पाहिलं, मग हाताकडे, मग खिडकीबाहेर. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

त्याने गोळ्या बंद केल्या होत्या.

विचारायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही.

"साखर बरी आहे का?" ती म्हणाली.


पण असं मधूनच सांगून चालायचं नाही. थोडं मागे.

मृण्मयी ही मंजूषाची एकुलती एक. कोल्हापुरात भूगर्भशास्त्र शिकत होती. त्या हिवाळ्यात ती अंथरुणातून उठेनाशी झाली. केस विंचरवत नाहीत म्हणून तिने ते कात्रीने कापून टाकले. तिला घरी आणलं, एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, घरात कुणाला मनाचा आजार आहे का?

"छे हो," मंजूषा म्हणाली. "आमच्यात असलं काही नाही."

ती ठरवून खोटं बोलली नाही. दारावरची बेल वाजली की हात आपोआप ओढणीकडे जातो, तसं ते वाक्य आलं. तिचं लग्न जमत होतं त्याच वर्षी रंगा भिंतींशी बोलायला लागला होता, आणि तेव्हापासून तिच्या माहेरात त्या आजाराचं नाव मायग्रेन होतं. मायग्रेन असलेल्या माणसाला चार लोकांत बसवत नाहीत, लग्नकार्यात मागच्या खोलीत ठेवतात, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं.

डॉक्टरांनी उदासीवरची गोळी दिली. घराण्यात काय आहे हे कळलं असतं तर त्यांनी ती एकटी दिली नसती. ज्या मनाला दोन टोकं असतात त्याला खालच्या टोकावरून नुसतं वर ढकललं, तर ते मधे थांबेलच असं नाही.

मृण्मयी मधे थांबली नाही. ती उठली, हसली, घर झाडलं, गच्ची धुतली, झोपायची बंद झाली. बोलताना वाक्यं एकमेकांवर चढायला लागली. एका सकाळी स्कूटर घेऊन निघाली ती विजापूरच्या पुढे एका पंपावर सापडली. पंपावरच्या पोरांना ती पायाखालच्या खडकाचं वय समजावून सांगत होती. अनवाणी, हसत आणि रडत.


मग तिला मनोविकारतज्ज्ञ डॉ. फरीदा मुजावर यांच्याकडे नेलं; त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मंजूषाच्या शेजारी तिचा नवरा विलास बसला होता.

"माझा भाऊ," मंजूषा म्हणाली. "स्किझोफ्रेनिया."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द त्या दोघांच्या मधे पहिल्यांदाच पडला.

"मायग्रेन म्हणाला होतात तुम्ही," विलास म्हणाला. 'तुम्ही'मध्ये तिचं अख्खं माहेर आलं, वर गेलेल्या आईबापांसकट.

"पण मृण्मयीला ते नाहीये ना?" मंजूषाने विचारलं. "तुम्ही तर बायपोलर म्हणताय. ते वेगळं."

"आम्हालाही वेगळंच शिकवलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "दोन आजार, दोन धडे. मग लाखो लोकांची जनुकं तपासली गेली आणि दोन धड्यांमधली भिंत पातळ झाली."

त्यांनी सांगितलं ते असं. वेडाचं म्हणून एक जनुक नसतं. जनुकांच्या मजकुरात हजारो बारीक फरक असतात, प्रत्येकाचं वजन तांदळाच्या दाण्याएवढं. एक दाणा कुणाचं काही बिघडवत नाही. एखाद्याच्या पारड्यात पुष्कळ दाणे पडतात, वरून आयुष्याचे धक्के बसतात, आणि पारडं झुकतं. यातले बरेचसे दाणे दोन्ही आजारांत तेच असतात. म्हणून एकाच घरात मामाला हा आजार होतो, भाचीला तो, आणि पुष्कळांना काहीच होत नाही. रक्तातून आजार येत नाही, त्याची शक्यता येते.

"म्हणजे माझ्यातही आहेत ते दाणे?"

"असणार. तुमच्यातूनच गेले असतील तिच्याकडे."

"मग मला का नाही झालं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नशीब म्हणा. विज्ञानाकडे याला अजून बरा शब्द नाही."


मग टिकली आली.

तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण लोक टिकलीच म्हणायचे. कानामागे चिकटवायची, कातडीच्या रंगाची. झोप, नाडी, हाताची चुळबूळ, दोन शब्दांमधलं अंतर हे सगळं ती मोजायची आणि वादळ यायच्या आधी घरच्यांच्या फोनवर सांगायची. वेळेवर कळलं तर औषध थोडं बदलून वादळ परतवता यायचं. बातमी हवामानखात्याच्या भाषेत यायची. लोकांना त्या भाषेची भीती वाटत नाही, असं कंपनीला आढळलं होतं.

*मृण्मयी आवटी. आकाश निरभ्र. झोप पुरेशी. बोलण्याचा वेग नेहमीचा. या अंदाजाची खात्री: कमी.*

कमी, कारण टिकलीला शिकवावं लागायचं. ज्याचं वादळ ओळखायचं त्याचं एक वादळ तिने पाहिलेलं हवं. मृण्मयीचं वादळ तर टिकलीशिवाय येऊन गेलं होतं. पुढच्या वादळातून ती परत येईलच, हे डॉक्टर सांगू शकत नव्हत्या. "नातेवाइकाचंही चालतं," त्या म्हणाल्या. "ज्यांचे दाणे जुळतात अशा नातेवाइकाचं. एका घराण्यात हे दोन्ही आजार सुरुवातीला एकाच बोळातून चालतात. झोप तशीच उडते, बोलण्यात तशाच फटी पडतात. बोळ संपला की वाटा फुटतात. आम्हाला बोळच पकडायचा असतो."

रंगाची तपासणी झाली. दाणे कल्पनेपेक्षा जास्त जुळले.

"मामांचं एखादं वादळ नोंदलेलं आहे?"

"शेवटचं पंधरा वर्षांपूर्वीचं," मंजूषा म्हणाली. "तेव्हा टिकली कुठली?"

कोपऱ्यात हात मांडीखाली दाबून बसलेला रंगा पहिल्यांदा बोलला. "म्हणजे डॉक्टर, माझं डोकं ताळ्यावर आहे म्हणून बिनकामाचं?"

डॉक्टर हसल्या. "असंच काहीसं. पण ते ताळ्यावरच राहू द्या हं. तुम्हालाही टिकली लावू. तुमच्या शांततेतूनही ती थोडंफार शिकेल."

मृण्मयीच्या कानामागे टिकली लावताना रंगाने खुर्ची पुढे ओढली. बारक्या पोरींचे कान टोचतात ते मामाच्या मांडीवर बसवून. मृण्मयीचे टोचले तेव्हा तो मागच्या खोलीत होता. दाराला कडी होती आणि मांडी एका चुलत मामाची होती.

"मृणे, आता मांडीवर मावायची नाहीस तू."

"मावते का बघू?" ती म्हणाली. कितीतरी आठवड्यांनी ती हसली होती. "तुझं मोडेल काहीतरी."

"माझं काय मोडायचं राहिलंय. पैठणी द्यायची ऐपत नाही मामाची. तुला आहेरात हे मिळालं बघ, दाणे. भाच्याला दिलेलं शंभर ब्राह्मणांना पोचतं म्हणतात."

सगळे हसले. मंजूषासुद्धा.


कपबशीचा रविवार. मघाशी सांगितला तो.

त्याच्या पुढचा रविवार. रंगाने तिचा बंद पडलेला मिक्सर उघडला. आजारापूर्वी तो जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा, मिरजेत त्याच्यासारखी तार कुणी गुंडाळत नव्हतं. थरथर आली तेव्हा दुकान गेलं. आता त्याची बोटं केसाएवढी तार वेढ्याला वेढा लावून बसवत होती आणि तो गुणगुणत होता. मंजूषा कणीक तशीच सोडून पाहत राहिली. हा रंगा तिने स्वतःच्या लग्नानंतर पाहिला नव्हता. बावीस वर्षांचा, फटकळ, विलासच्या पोटावरून त्याला चिडवणारा.

"अक्का, गोळ्या घेऊन डोक्यातली माणसं गेली, पण माझं मीपणही भाडेकरूसारखं निघून गेलं होतं बघ."

"रंगा."

"काय?"

तिने कणीक पुन्हा मळायला घेतली.

"तू काही पाहिलेलं नाहीस," तो तारेवरून नजर न काढता म्हणाला. "काय? काहीच पाहिलेलं नाहीस तू. मिक्सर लाव."

मिक्सर चालला.


*श्रीरंग. ढग जमण्याची शक्यता. झोप घटली. खात्री: कमी. डॉक्टरांना कळवायचे? कळवा / नंतर.*

*मृण्मयी आवटी. आकाश निरभ्र. खात्री: मध्यम.*

दोन्ही निरोप एकाच फोनवर, एकाखाली एक. खात्री कमीच आहे, मंजूषाने स्वतःला सांगितलं. यंत्रालाच खात्री नाही तर मी कोण? तिने 'नंतर' दाबलं.

*श्रीरंग. ढग. बोलण्यात फटी. कळवा / नंतर.*

*मृण्मयी आवटी. आकाश निरभ्र. खात्री: बरी.*

नंतर.

विलास शेजारी पेपर वाचत होता. "काय म्हणतंय?"

"पोरीचं चांगलं आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं.

नंतर.

तिला वाटायचं, उद्या कळवू. उद्याचा आकडा थोडा वर जाईल, मग कळवू. भावाला एकदा बाहेर काढलंय या औषधांनी, पुन्हा काढतील. मुलीचं तसं नाही. आणि हात किती स्थिर झालेत त्याचे. आणि गाणं म्हणतो आता. आणि त्यानेच तर ठरवलंय—

नंतर.


रंगा एकटा राहायचा त्या खोलीच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मंजूषा बँकेत रांगेत होती. ती तशीच रिक्षाने गेली. दार आतून बंद होतं. फटीतून दिसलं, त्याने खोलीभर तांब्याची तार गुंडाळली होती. दाराला, खिडकीच्या गजांना, पंख्याला, खाटेच्या पायांना. वेढ्याला वेढा लागून, एकही वेढा सुटलेला नाही. तो मधे उकिडवा बसला होता आणि एक तळवा कानामागे घट्ट दाबून धरला होता.

"रंगा, मी अक्का. दार उघड की."

"हळू बोल. माझ्यातून ऐकायलेत."

"कोण?"

"माझ्यातून जातंय सगळं. तारेत गुंडाळलं तरी जातंय."

तिने फोन काढला. घाईत बटण दोनदा चुकलं.

*कळवा.*

रंगाला इस्पितळात दाखल केल्यावर डॉ. मुजावर यांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? मंजूषाने खरं सांगितलं. डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"जुन्या औषधाने तेव्हा काम केलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण प्रत्येक वेळी परतीची वाट थोडी लांब होते. कधीकधी पूर्ण परतही येता येत नाही. हे मी तुम्हाला आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. मी हसण्यावारी नेलं."


*मृण्मयी आवटी. सात-आठ दिवसांत वादळाची शक्यता. खात्री: उच्च.*

पावसाळा सरताना हा निरोप आला. मृण्मयीला काहीच जाणवत नव्हतं. उलट छान वाटत होतं, अभ्यास होत होता, झोप थोडी कमी होती इतकंच. डॉक्टरांनी औषध बदललं. ती चिडली, मग सुस्तावली, आठवडाभर गाढ झोपली. वादळ आलं ते ढगासारखं येऊन निघून गेलं. पुढच्या महिन्यात तिने परीक्षा दिली. विलासने पेढे आणले. मंजूषाने एक पेढा हातात घेतला आणि तो विरघळून बोटांना चिकटेपर्यंत धरून ठेवला.

रंगा अजून इस्पितळातच होता. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं चालू होतं. हात पुन्हा थरथरत होते आणि डोक्यातली माणसंही गेली नव्हती. दोन्ही एकदम.


खडकाचे थर वाचणाऱ्या पोरीपासून काही लपवणं अवघड. मृण्मयीने टिकलीची नोंद उघडली. खात्री कधी वाढली हे तिथे होतं, आणि कशामुळे तेही: *मातृपक्ष. मामा.*

ती स्वयंपाकघरात आली.

"आई, मामाने गोळ्या आपणहून सोडल्या ना? माझ्यासाठी."

"हो."

"तुला माहीत होतं."

मंजूषाने गॅस बंद केला. "त्याने कपबशी मागितली, आणि हात हलला नाही. तेव्हाच कळलं. मग फोन विचारत राहिला, मी 'नंतर' म्हणत राहिले."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

मृण्मयी ओट्याला टेकली. वाढत चाललेल्या केसांत तिने हात घातला. "मला विचारायचं होतंस तू."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणून नाही विचारलं."

 बाहेर भाजीवाला गवारीचा भाव ओरडून गेला.

"मी काय करू आता याचं?" मृण्मयी म्हणाली. "काढून टाकू? की त्याचं सगळं वाया जाईल म्हणून जन्मभर लावून फिरू? सांग ना. तुम्ही दोघांनी ठरवलंच आहे सगळं, तर हेही ठरव."

 मंजूषाने मुलीच्या खांद्याला हात लावला. मृण्मयीने तो झटकला नाही. धरलाही नाही.


ती मामाला भेटायला गेली, तेव्हा तिला पाहताच रंगा खाटेच्या कोपऱ्यात सरकला आणि ओरडला.

"ही नको! हिच्या कानात मी आहे! मला काढा तिच्यातून!"

नवीन शिकाऊ डॉक्टर धावत आला. त्याने रंगाला समजावलं, मृण्मयीला बाहेर नेलं आणि सौम्यपणे सांगितलं, "मनावर घेऊ नका. या आजारात असे भ्रम होतात, अगदी पक्के होतात. त्यांना खरंच वाटतं, की ते कुणाच्या तरी कानात आहेत."

मंजूषा भिंतीला टेकून उभी होती. तिचा भाऊ जे ओरडला त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि हे त्या वॉर्डात फक्त तिला आणि तिच्या मुलीला माहीत होतं. जिच्यासाठी त्याने स्वतःला घालवलं, तिलाच तो सगळ्यांत जास्त घाबरत होता. मंजूषाने डॉक्टरला काही सांगितलं नाही. सांगूनही तो भ्रम भ्रमच राहिला असता.

असं तीनचार भेटींत झालं. तो जेवेना. परिचारिकेच्या हातून एक घास घ्यायचा आणि दाराकडे पाहत थुंकून टाकायचा.


दुपारची वेळ. वॉर्डाबाहेर लाकडी बाकावर मृण्मयी बसली होती. मांडीवर डबा, आत वरणभात. तिने कानामागे नख घातलं आणि टिकली हळूच सोलली.

"मृणू," मंजूषा म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, उतरवली की ती आंधळी होते. मधेच काही—"

"त्याचं जेवण होईतो."

"रोज?"

"रोज."

मंजूषाच्या ओठांवर 'नको' आलं होतं. मृण्मयीने टिकली ठेवलेला तळहात पुढे केला. तिने तो परवानगी मागत असल्यासारखा केला नाही, पण घाईही केली नाही. आईला हवं तर बोलता येईल इतका वेळ तो तसाच ठेवला.

मंजूषाने टिकली घेतली. तिला अजून कातडीची ऊब होती. पर्समधला फोन थरथरला. *मृण्मयी आवटी. संपर्क नाही. अंदाज नाही.*

"जा," ती म्हणाली. "भात निवतोय."

दार अर्धं उघडं राहिलं. आत रंगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मृण्मयी सावकाश गेली, दोन हात अंतरावर थांबली, केस मागे सारून दोन्ही बाजूंनी मान वळवली. तो डोळे बारीक करून पाहत राहिला. ओरडला नाही.

"ती गेली का?" त्याने कुजबुजत विचारलं.

"कोण?"

"कानात घेऊन फिरते ती."

"गेली."

"परत येते ती. रोज येते. आधी कळतच नाही मला."

मृण्मयीने डबा उघडला. भात कालवला. 

"मी बसते ना इथं. ती यायला लागली की तुला आधी सांगते."

"आधी?"

"खूप आधी."

रंगाने दाराकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. थरथरत्या बोटांनी त्याने घास घेतला आणि पुष्कळ वेळ चावत राहिला.

"मग बस की," तो म्हणाला, आणि भिंतीकडे सरकून त्याने तिच्यासाठी जागा केली.